एगास मोनिझ

आंतोनियु काएतानु द आब्रेउ फ्रेइरे एगास मोनिझ (२९ नोव्हेंबर १८७४ – १३ डिसेंबर १९५५) हे पोर्तुगालचे मज्जाविकारतज्ज्ञ, वैद्यकाचे प्राध्यापक, संसदपटू, मुत्सद्दी व लेखक होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत त्यांनी १९२७ मध्ये शोधून काढली. तीव्र मनोविकारांवर उपाय म्हणून मेंदूच्या पुढील भागातील तंतू छेदण्याची ल्युकोटॉमी ही शस्त्रक्रिया त्यांनी १९३५ मध्ये सुरू केली. या शस्त्रक्रियेसाठी त्यांना १९४९ चे शरीरक्रियाविज्ञान व वैद्यकाचे नोबेल पारितोषिक स्विस शास्त्रज्ञ वाल्टर रुडॉल्फ हेस यांच्यासह विभागून मिळाले. नोबेल मिळविणारे ते पहिले पोर्तुगीज होत. मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मात्र याच शस्त्रक्रियेने पुढे हजारो रुग्णांचे अपरिमित नुकसान झाल्यामुळे वैद्यकाच्या इतिहासातील वादग्रस्त व्यक्तींमध्येही त्यांची गणना होते.

जन्म व बालपण

मोनिझ यांचा जन्म उत्तर पोर्तुगालमधील एस्तारेजा तालुक्यातील अवांका या गावी एका जमीनदार कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव वेगळे होते. आपले घराणे बाराव्या शतकातील एगास मोनिझ या सरदाराच्या वंशातील आहे, अशी कुटुंबाची समजूत होती. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु हेन्रिक याचा पालक व शिक्षक म्हणून हा सरदार पोर्तुगीज इतिहासात प्रसिद्ध आहे. धर्मगुरू असलेल्या चुलत्यांच्या आग्रहामुळे बाळाच्या नावाला त्या सरदाराचे नाव जोडण्यात आले आणि पुढे त्याच नावाने ते जगाला परिचित झाले. त्यांच्या प्रारंभीच्या शिक्षणाकडेही या चुलत्यांनीच लक्ष पुरविले.

शिक्षण

कोइंब्रा येथील प्राचीन विद्यापीठातून मोनिझ यांनी १८९९ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी फ्रान्समध्ये बोर्डो व पॅरिस येथे मज्जाविकारांचा विशेष अभ्यास केला. पिएर मारी, देजेरीन व बाबिंस्की या त्या काळच्या नामवंत मज्जाविकारतज्ज्ञांचा सहवास त्यांना तेथे लाभला. लिस्बन येथे नव्याने स्थापन झालेल्या विद्यापीठात १९११ मध्ये ते मज्जाविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. सुमारे तीन दशके त्यांनी हे पद सांभाळले. सांता मार्ता रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी होती.

तरुणपणीच त्यांना गाऊट हा सांध्यांचा विकार जडला. त्यामुळे त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली आणि सूक्ष्म हस्तकौशल्याची कामे करणे त्यांना अशक्य झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच्या हाताने केल्या नाहीत, याचे हेच कारण होय. कल्पना व योजना मोनिझ यांची आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया तरुण सहकारी पेद्रू आल्मेइदा लिमा यांची, अशी ही जोडी होती.

राजकीय कारकीर्द

विद्यार्थिदशेपासून मोनिझ यांना राजकारणाची ओढ होती. १९०३ मध्ये ते संसदेचे सदस्य झाले. राजेशाहीच्या अखेरच्या काळात राजकीय हालचालींमुळे त्यांना काही काळ तुरुंगवासही घडला. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावरही ते संसदीय राजकारणात राहिले. १९१७ मध्ये त्यांची स्पेनमधील राजदूत म्हणून नेमणूक झाली. सिदोनियु पाइश यांच्या राजवटीत ते परराष्ट्रमंत्री झाले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेतील पोर्तुगीज शिष्टमंडळाचे नेतृत्व प्रारंभी त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९१८ मध्ये पाइश यांची हत्या झाली. पुढील वर्षी शिष्टमंडळाचे नेतृत्व आफोन्सु कोस्ता यांच्याकडे गेले आणि मोनिझ सक्रिय राजकारणातून बाहेर पडले. ज्या संशोधनासाठी त्यांचे नाव राहिले, ते सर्व त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर केले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण

कवटीचे हाड क्ष-किरणांत स्पष्ट दिसते, पण आतील मऊ मेंदू दिसत नाही. त्यामुळे मेंदूतील गाठ नेमकी कोठे आहे हे ठरविणे विसाव्या शतकाच्या प्रारंभी अत्यंत अवघड होते. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची पद्धत काढली होती. परंतु ती वेदनादायक व धोक्याची होती. मोनिझ यांनी वेगळा मार्ग निवडला. क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य मानेतील धमनीत सोडले, तर मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जाळे चित्रात उमटेल आणि गाठीमुळे बाजूला सरकलेल्या वाहिन्यांवरून गाठीची जागा कळेल, अशी त्यांची कल्पना होती.

प्रथम मृतदेहांवर व प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यानंतर रुग्णांवर ब्रोमाइडच्या द्रावणाचा वापर करण्यात आला. त्यात एक रुग्ण दगावल्यामुळे ते द्रव्य सोडून सोडियम आयोडाइडचे द्रावण घेण्यात आले. अखेर २८ जून १९२७ रोजी एका तरुण रुग्णाच्या मेंदूतील धमन्यांचे स्पष्ट चित्र मिळाले. त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला गाठ झाली होती आणि धमन्या आपल्या जागेवरून सरकलेल्या चित्रात दिसत होत्या. पुढील महिन्यात मोनिझ यांनी हे संशोधन पॅरिस येथे मांडले. सेरेब्रल अँजिओग्राफी या नावाने रूढ झालेली ही पद्धत आजही सुधारलेल्या स्वरूपात वापरात आहे. याच कार्यासाठी त्यांचे नाव नोबेलकरिता सुचविले गेले होते, पण त्या वेळी पारितोषिक मिळाले नाही. १९३० च्या दशकात त्यांनी आयोडाइडऐवजी थोरोट्रास्ट हे थोरियमयुक्त द्रव्य वापरले. ते किरणोत्सारी असून शरीरातून बाहेर पडत नाही व पुढे कर्करोगास कारण ठरते, हे नंतर उघडकीस आले.

ल्युकोटॉमीची पार्श्वभूमी

१९३० च्या दशकात तीव्र मनोविकारांवर खात्रीचे औषध नव्हते. युरोप व अमेरिकेतील मनोरुग्णालये खचाखच भरलेली होती आणि तेथे दाखल झालेले अनेक रुग्ण आयुष्यभर बाहेर पडत नसत. इन्शुलिन देऊन बेशुद्धी आणणे, रसायनाने झटके आणणे व १९३८ पासून विजेचे झटके देणे असे उपाय याच दशकात पुढे आले. हताश रुग्ण, थकलेले नातेवाईक आणि हतबल डॉक्टर अशा परिस्थितीत धाडसी उपायांकडे आशेने पाहिले जात होते.

ऑगस्ट १९३५ मध्ये लंडन येथे मज्जाविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. येल विद्यापीठातील जॉन फुल्टन व कार्लाइल जेकबसन यांनी चिंपांझींवरील प्रयोगांची माहिती तेथे दिली. मेंदूचे पुढील खंड काढून टाकल्यावर पूर्वी चिडखोर असलेली एक चिंपांझी मादी चुका झाल्या तरी शांत राहू लागली होती. मोनिझ या परिषदेस उपस्थित होते. ही शस्त्रक्रिया त्यांना या प्रयोगावरूनच सुचली, असे अनेकदा लिहिले जाते. मोनिझ यांच्या मते मात्र ही कल्पना त्यांच्या मनात आधीपासून घोळत होती.

त्यांची उपपत्ती पुढीलप्रमाणे होती. मेंदूतील पेशी परस्परांशी तंतूंनी जोडलेल्या असतात आणि विचार त्या जोडण्यांमधून चालतात. निरोगी माणसात या जोडण्या सतत बदलत राहतात. काही मनोरुग्णांत मात्र त्या घट्ट बसतात व त्याच त्या मार्गाने तेच ते विचार फिरत राहतात. रुग्ण एकाच भीतीत किंवा एकाच दुःखद कल्पनेत अडकून पडतो. या घट्ट जोडण्या तोडल्या, तर विचारांना नवी वाट मिळेल, असा त्यांचा तर्क होता. ललाटखंडांतील श्वेतद्रव्य, म्हणजे कपाळामागील भागाला मेंदूच्या आतील केंद्रांशी जोडणारे तंतू, हे त्यांनी छेदासाठी निवडलेले ठिकाण होते. या उपपत्तीला त्या वेळी प्रत्यक्ष पुरावा नव्हता.

पहिल्या शस्त्रक्रिया

१२ नोव्हेंबर १९३५ रोजी सांता मार्ता रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. तीव्र विषण्णतेने ग्रासलेली, साठी ओलांडलेली एक स्त्री यासाठी लिस्बनच्या बोंबार्दा मनोरुग्णालयातून आणण्यात आली होती. मोनिझ यांच्या देखरेखीखाली लिमा यांनी तिच्या कवटीला दोन छिद्रे पाडली व श्वेतद्रव्यात शुद्ध अल्कोहोल टोचून तेथील तंतू नष्ट केले. काही काळाने तिची अस्वस्थता कमी झाल्याचे आढळले व मोनिझ यांनी ती बरी झाल्याचे जाहीर केले. मात्र तिला पुन्हा मनोरुग्णालयातच पाठविण्यात आले.

पहिल्या काही रुग्णांनंतर अल्कोहोलऐवजी ल्युकोटोम हे खास उपकरण वापरण्यात येऊ लागले. ही एक बारीक नळी होती. ती मेंदूत घालून दट्ट्या दाबला की टोकाजवळून तारेचा फास बाहेर येई आणि नळी फिरवली की श्वेतद्रव्याचा छोटा गोल गाभा कापला जाई. श्वेत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून शस्त्रक्रियेला ल्युकोटॉमी हे नाव मिळाले. या नव्या क्षेत्रासाठी मनःशल्यचिकित्सा या अर्थाची संज्ञाही मोनिझ यांनीच रूढ केली.

निष्कर्ष व आक्षेप

१९३६ मध्ये पॅरिस येथून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोनिझ यांनी पहिल्या २० रुग्णांची हकीकत दिली. त्यांच्या मते ७ रुग्ण बरे झाले, ७ सुधारले व ६ जणांत फरक पडला नाही. एकही रुग्ण दगावला नाही. चिंता व अस्वस्थ विषण्णता असलेल्यांना अधिक लाभ झाला, तर दीर्घकालीन छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना फारसा झाला नाही, हेही त्यांनी नमूद केले.

या निष्कर्षांत गंभीर उणिवा होत्या. शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांचे निरीक्षण अवघे काही आठवडेच करण्यात आले होते. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा गट नव्हता. बरे होणे म्हणजे काय याचा निकषही स्पष्ट नव्हता. बोंबार्दा मनोरुग्णालयाचे प्रमुख व ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ सोब्राल सिद यांनी प्रारंभी रुग्ण दिले, पण परत आलेल्या रुग्णांची अवस्था पाहून त्यांनी पुढे रुग्ण देण्यास नकार दिला. रुग्णांचे व्यक्तिमत्त्व ढासळले आहे, असे त्यांचे मत होते. मोनिझ यांची उपपत्ती त्यांना निव्वळ कल्पनारम्य वाटत होती.

मेंदूवर होणारे परिणाम

ललाटखंडांकडे पुढचा विचार करणे, योजना आखणे, अनावर ऊर्मी रोखणे, चूक ओळखून वर्तन बदलणे व एखाद्या गोष्टीला भावनिक महत्त्व देणे ही कामे असतात. त्यांचे तंतू छेदल्यावर चिंतेची धार कमी होते, कारण भीतीदायक विचाराला पूर्वीचे भावनिक वजन राहत नाही. परंतु त्याच छेदाने उत्साह, पुढाकार व विवेक यांचीही हानी होऊ शकते. छेदलेले तंतू पुन्हा पूर्ववत जुळत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना उलट्या, ज्वर, लघवीवरील ताबा सुटणे, सुस्ती, उदासीनता व स्थळकाळाचा विसर अशी लक्षणे दिसल्याचे मोनिझ यांनी स्वतः नोंदविले होते. ही लक्षणे तात्पुरती आहेत, असे ते मानत. पुढील काळात मोठ्या संख्येने झालेल्या शस्त्रक्रियांनंतर मात्र अनेकांत उदासीनता, बालिश वर्तन, संयमाचा अभाव, अपस्माराचे झटके व मेंदूतील रक्तस्राव हे परिणाम आढळले. काहींची लक्षणे खरोखर कमी होऊन ते घरी परतले, तर काही कायमचे परावलंबी झाले. कोणाला काय होईल हे आधी सांगता येत नव्हते.

प्रसार व अतिरेक

मोनिझ यांचा ग्रंथ वाचून अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ वॉल्टर फ्रीमन व शल्यविशारद जेम्स वॉट्स यांनी सप्टेंबर १९३६ मध्ये वॉशिंग्टन येथे ही शस्त्रक्रिया केली. त्यांनी तिच्यात बदल करून तिला लोबोटॉमी हे नाव दिले. १९४१ मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर ती करण्यात आली. त्यानंतर तिचे बोलणे व चालणे बिघडले आणि उर्वरित आयुष्य तिला संस्थेत काढावे लागले. १९४६ मध्ये फ्रीमन यांनी डोळ्याच्या खोबणीतून टोकदार उपकरण घालण्याची झटपट पद्धत सुरू केली. तिला शस्त्रक्रियागृह वा शल्यविशारद यांची गरज उरली नाही. याच कारणावरून वॉट्स यांनी त्यांची साथ सोडली.

मनोरुग्णालयांतील गर्दी, मनुष्यबळाची टंचाई व वृत्तपत्रांतील गौरवपर बातम्या यांमुळे ही शस्त्रक्रिया वेगाने पसरली. एकट्या अमेरिकेत तिची संख्या हजारोंच्या घरात गेली. रुग्णाची संमती अनेकदा घेतलीच जात नसे. सोव्हिएत संघाने १९५० मध्ये तिच्यावर बंदी घातली. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमझीन या औषधाचा छिन्नमनस्कतेवर उपयोग दिसून आला आणि औषधोपचार सुरू होताच लोबोटॉमी झपाट्याने मागे पडली.

प्राणघातक हल्ला

मार्च १९३९ मध्ये एका मानसिक रुग्णाने मोनिझ यांच्यावर त्यांच्या खोलीत गोळ्या झाडल्या. ते गंभीर जखमी झाले, पण बचावले आणि पुढे अनेक वर्षे रुग्ण तपासत राहिले. हल्लेखोरावर ल्युकोटॉमी झाली होती, असा समज प्रचलित आहे, पण तो चुकीचा आहे. त्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया कधीच झालेली नव्हती.

नोबेल पारितोषिक

१९४९ मध्ये काही मनोविकारांवरील ल्युकोटॉमीचे उपचारमूल्य शोधल्याबद्दल मोनिझ यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. सहविजेते हेस यांचे कार्य मध्यमेंदूजवळील केंद्रे शरीरांतर्गत अवयवांचे नियंत्रण कसे करतात याविषयीचे होते. हा सन्मान अँजिओग्राफीसाठी मिळाला असता तर तो निर्विवाद ठरला असता, असे अनेक अभ्यासक मानतात. लोबोटॉमीमुळे हानी झालेल्यांच्या नातेवाइकांनी पुढे हे पारितोषिक मागे घेण्याची मागणी केली. परंतु दिलेले पारितोषिक परत घेण्याची तरतूद नोबेलच्या नियमांत नाही.

मंत्रचळावरील पुढील शस्त्रक्रिया

मोनिझ यांच्या शस्त्रक्रियेचा सौम्य व नेमका वारसा आज प्रामुख्याने मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी, या विकाराच्या उपचारांत दिसतो. या विकारात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात येतो आणि तो शमविण्यासाठी हात धुणे, मोजणे, तपासणे अशा कृती रुग्णाला कराव्याच लागतात. बहुतेकांना औषधे व वर्तनोपचार यांनी आराम पडतो. मात्र काहींचा सगळा दिवस या कृतींत जातो व कोणताच उपाय लागू पडत नाही. अशा रुग्णांसाठीच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

ललाटखंडाचा डोळ्यांवरील भाग, स्ट्रायटम व थॅलॅमस यांना जोडणारे एक वर्तुळाकार मंडल या विकारात अतिक्रियाशील असते, असे आधुनिक मेंदूचित्रणातून दिसून आले आहे. विचार एकाच मार्गात अडकतो, ही मोनिझ यांची ढोबळ कल्पना या निष्कर्षाशी काही अंशी जुळते, पण त्यांनी केलेला मोठा व आंधळा छेद मात्र त्यातून समर्थनीय ठरत नाही. १९४७ मध्ये स्पीगल व वायसिस यांनी मेंदूतील बिंदू मोजमापाने गाठणारी चौकट मानवावर वापरली आणि काही मिलिमीटरचा छेद करणे शक्य झाले. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी कॅप्सुलोटॉमी ही शस्त्रक्रिया विकसित केली. कवटी न उघडता गामा किरणांनी छेद करणारे गामा नाइफ हे यंत्रही त्यांचेच. सिंग्युलोटॉमी ही दुसरी शस्त्रक्रिया बोस्टन येथे रूढ झाली.

छेद लहान झाला तरी धोका संपला नाही. स्वीडनमध्ये कॅप्सुलोटॉमी झालेल्या २५ मंत्रचळग्रस्तांची सरासरी सुमारे ११ वर्षांनी तपासणी करण्यात आली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १२ रुग्णांना विकारात लक्षणीय आराम पडल्याचे, तर १० रुग्णांत नियोजनक्षमतेत घट, उदासीनता किंवा संयमाचा अभाव असल्याचे आढळले. किरणांची मात्रा जास्त असलेल्या किंवा एकाहून अधिक वेळा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा यांत मोठा वाटा होता. १९९९ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे बार्ट नटिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी छेदाऐवजी मेंदूत बारीक विद्युत्‌ अग्रे बसवून उत्तेजन देण्याचा उपाय मंत्रचळासाठी वापरला. हे उत्तेजन कमीजास्त करता येते व बंदही करता येते, हा त्याचा मुख्य फायदा आहे. अमेरिकेत २००९ मध्ये या उपायाला मर्यादित मान्यता मिळाली.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९६ नुसार मनोविकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची असल्यास रुग्णाची माहितीपूर्ण संमती व संबंधित मंडळाची मान्यता या दोन्ही गोष्टी बंधनकारक आहेत. मोनिझ यांच्या काळातील रुग्णांना असे संरक्षण नव्हते.

लेखन व गोव्याशी संबंध

मोनिझ यांचे लेखन विपुल आहे. वैद्यकीय ग्रंथांखेरीज कादंबरीकार जूलियु दिनिश यांच्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. पत्त्यांच्या खेळाचा इतिहास, राजकीय आठवणी व आत्मचरित्रपर पुस्तकेही त्यांच्या नावावर आहेत.

१९२५ मध्ये त्यांनी संमोहनाच्या इतिहासातील अ‍ॅबे फारिया यांच्या स्थानाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. फारिया यांचा जन्म गोव्यातील कांदोळी येथे १७५६ मध्ये झाला. संमोहननिद्रा ही एखाद्या अदृश्य चुंबकीय द्रवामुळे येत नसून सूचना व त्या व्यक्तीची स्वतःची मनःस्थिती यांमुळे येते, असे त्यांनी पॅरिसमध्ये प्रतिपादन केले. हयातीत टिंगल सोसलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूचे शास्त्रीय श्रेय मोनिझ यांनी साधार मांडले. फारिया यांचा पुतळा पणजी येथे १९४५ पासून उभा आहे. शब्दाच्या सामर्थ्याने मन बदलते हे दाखविणाऱ्या फारियांचा गौरव करणाऱ्या मोनिझ यांनी दहाच वर्षांनी मन बदलण्यासाठी मेंदूच्या छेदाचा मार्ग धरला.

मृत्यू व स्मारके

१३ डिसेंबर १९५५ रोजी लिस्बन येथे मोनिझ यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. अवांका येथील त्यांच्या घराचे संग्रहालयात रूपांतर करण्यात आले आहे. लिस्बनमधील एका रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. पोर्तुगालच्या १०,००० एस्कुदोंच्या नोटेवरही त्यांचे चित्र होते.

मूल्यमापन

मोनिझ यांच्या दोन शोधांचे भवितव्य परस्परविरुद्ध झाले. अँजिओग्राफीमुळे मेंदूतील गाठी व रक्तवाहिन्यांचे विकार ओळखता येऊ लागले आणि असंख्य प्राण वाचले. ल्युकोटॉमी मात्र मूळ स्वरूपात पूर्णपणे त्याज्य ठरली. ज्या काळात दुसरा उपाय नव्हता त्या काळात त्यांनी प्रयत्न केला, असे त्यांचे समर्थक म्हणतात. अपुऱ्या निरीक्षणावर घाईने निष्कर्ष काढून त्यांनी परत न फिरविता येणारी शस्त्रक्रिया जगापुढे ठेवली, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. अँजिओग्राफीच्या वेळी त्यांनी आधी मृतदेह व प्राणी यांवर प्रयोग केले होते. ल्युकोटॉमीच्या वेळी लंडनच्या परिषदेनंतर अवघ्या तीन महिन्यांत ते थेट रुग्णांकडे वळले. संमती, दीर्घकालीन निरीक्षण व स्वतंत्र तपासणी यांविषयीचे आजचे नियम घडविण्यात या अनुभवाचा मोठा वाटा आहे.